सरावात घणाघाती, सामन्यात हात आखडतो: बारा वर्षांखालील टेनिस खेळाडूचं करायचं काय?

जाळीपल्याड (प्रश्न)

मुलगी ११ वर्षं ८ महिन्यांची, उंची १४२ सेंमी. लाल, केशरी, हिरवा अशा (मुलांसाठीच्या, कमी उसळणाऱ्या) चेंडूंच्या क्रमाने पुढे येत आता दीड वर्ष नेहमीच्या पिवळ्या चेंडूवर खेळते. आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास कोर्टवर. सरावात फटके देखणे. जोडीदार चांगला असेल तर क्रॉसकोर्ट (म्हणजे तिरक्या समोरच्या कोपऱ्यात) तीस-तीस फटक्यांची रॅली सहज चालते.

सामन्यात वेगळीच मुलगी उतरते. गेल्या १४ सामन्यांत ४ विजय. हरते ती बहुतेक वेळा अशा मुलींकडून, ज्या फक्त उंचच उंच चेंडू उडवून परत पाठवतात. ३-१ ने पुढे असताना सेट ३-६ ने जातो. एका सामन्यात ९ ते ११ डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेले पॉइंट). मग रडणं. दोनदा रॅकेटही आपटली. कोच म्हणतात, 'मेंटली वीक आहे, सामने खेळून खेळून तयार होईल.'

विचारायचंय ते असं: असे उंच उडवलेले चेंडू, म्हणजे मूनबॉल, मारणाऱ्यांशी खेळायचं कसं? डोक्याची तयारी या वयात शिकवता येते का, आणि नेमकी कशी? समोरची मुलगी आत पडलेल्या चेंडूला आउट देते तेव्हा काय करायचं? आणि स्पर्धा काही महिने बंद ठेवाव्यात का?

---

मागची_रेघ

'मेंटली वीक' म्हणजे नेमकं काय, हे कोणी मोजून दाखवत नाही. तुम्ही दिलेल्या माहितीत मात्र मोजता येईल असं बरंच आहे, तेव्हा तिथून सुरुवात करू.

आधी चेंडूची उंची. पिवळ्या चेंडूची प्रमाणित चाचणी अशी असते: २५४ सेंमीवरून कठीण पृष्ठभागावर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. म्हणजे निम्म्याहून थोडा जास्तच. आता समोरच्या मुलीने चार मीटर उंच उडवलेला चेंडू बेसलाइनजवळ (कोर्टच्या मागच्या रेघेजवळ) पडला, तर तो दोन मीटरच्या वर उठतो. तुमच्या मुलीचा खांदा असेल साधारण ११५ सेंमीवर. तिला हवा तो कमरेच्या उंचीचा चेंडू तिथे मिळतच नाही, आणि त्याला वेगही नसतो, त्यामुळे समोरच्याचा वेग वापरून परत मारण्याची सोय नाही. जागचे पाय न हलवता ती कानाच्या उंचीवरचा चेंडू जोरात मारते. तो एकतर नेटमध्ये जातो, नाहीतर मागच्या कुंपणावर.

यावर तीन उत्तरं आहेत, आणि शिकवण्याचा क्रम महत्त्वाचा.

पहिलं, मागे सरकून उंच-खोल परत पाठवणं. चेंडू उडाला की लगेच वळून बेसलाइनच्या दोन-तीन मीटर मागे जायचं. मागे जाताना तोंड नेटकडे ठेवून उलटं पळायचं नाही, आडवं वळून धावायचं. चेंडू पुन्हा कमरेपर्यंत उतरू द्यायचा आणि खालून वर घासत नेटच्या दीड-दोन मीटर वरून क्रॉसकोर्ट पाठवायचा. क्रॉसकोर्टच का? सिंगल्स कोर्ट सरळ २३.७७ मीटर आहे, कर्णावर सुमारे २५.१५. म्हणजे जवळजवळ १.४ मीटर जास्त जागा. शिवाय नेट खांबाजवळ १.०७ मीटर असतं आणि मध्यावर ९१.४ सेंमी, आणि क्रॉसकोर्ट चेंडू मध्याजवळूनच जातो. सरावात दोन काठ्यांना दोरी बांधून ती नेटच्या वर, जमिनीपासून अडीच मीटरवर ताणा. पलीकडे बेसलाइनच्या आत दोन मीटरवर प्लास्टिकचे शंकू ठेवा. दोरीवरून जाऊन शंकूंच्या मागे पडेल त्यालाच गुण. ११ गुणांपर्यंत खेळ.

दुसरं, उसळतानाच घेणं. चेंडू टप्पा पडून वर येत असताना, कमर ते छाती यांच्या दरम्यान. इथे रॅकेट मागे फार न्यायची नाही, अर्धीच. पाऊल पुढे. हे जमायला टप्पा कुठे पडणार हे चेंडू नेटवर असतानाच ओळखावं लागतं. आधी हिरव्या चेंडूने करा. तो १२० ते १३५ सेंमी उसळतो आणि वेगही कमी असतो. दहापैकी सहा जमले की पिवळा.

तिसरं, हवेतच घेणं. सर्व्हिस लाइनच्या (नेट आणि बेसलाइन यांच्यामधल्या रेघेच्या) मागे एक पाऊल, स्विंग व्हॉली, म्हणजे टप्पा पडू न देता पूर्ण हात फिरवून. हे सगळ्यात शेवटी, आणि फक्त समोरची मुलगी बेसलाइनच्या फार मागे गेली असेल तेव्हाच.

आता खरा मुद्दा. तीस फटक्यांची रॅली ही सामन्याची तयारी नाही, कारण त्यात दोघीही एकमेकींना सोयीचा चेंडू देत असतात. कोचने बास्केटमधून (टोपलीतून) एकाच जागेवरून, एकाच उंचीने फीड केलेल्या चेंडूचंही तसंच. हात बसतो, पण चेंडू कुठून येणार आणि आपण कुठे पाठवायचा, हा निर्णय घ्यायची वेळच येत नाही. तिच्या दोन तासांत गुण मोजून किती वेळ खेळ होतो, ते एक आठवडा घड्याळ लावून लिहा. पंधरा-वीस मिनिटं भरली तर ती सामन्यात का गोंधळते याचं निम्मं उत्तर मिळालं. माझ्या मते १२० मिनिटांची वाटणी साधारण अशी असावी: १५ वॉर्म-अप, ३० तंत्र, ४५ गुण मोजून प्रसंग-सराव, ३० टायब्रेक (सेट बरोबरीत आल्यावरचा निर्णायक गेम) किंवा सेट.

प्रसंग-सराव म्हणजे तिची दुखरी नस घेऊन खेळायचं. ३-१ ने पुढे आणि ४०-१५, इथून सुरुवात. सेट हरली तर पुन्हा ३-१. किंवा तिला ०-३० वरून सर्व्हिस. किंवा समोरच्याला फक्त उंच चेंडूच मारायची मुभा. जोडीदारही बदलता ठेवा: एक तृतीयांश वेळ तिच्याहून कच्च्या, एक तृतीयांश तोडीस तोड, एक तृतीयांश वरचढ. कच्च्या जोडीदाराशी खेळणं पालकांना वेळेचा अपव्यय वाटतो. पण आघाडी घेऊन ती राखायची कशी, हे शिकायला दुसरी जागा नाही.

---

स्लाइस

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण मूनबॉलला मूनबॉलने उत्तर हे पहिलं म्हणून शिकवणं पटलं नाही. अकराव्या वर्षी मागे पळायची सवय लागली की पंधराव्या वर्षी पुढे येत नाहीत. तिथे समोरची मुलगी तो उतरता चेंडू थोपवून ड्रॉप शॉट (नेटजवळ अलगद पडणारा चेंडू) टाकते आणि खेळ संपतो. मी उसळतानाच घेणं आधी शिकवेन, चार सामने हरले तरी चालतील.

---

मागची_रेघ

@स्लाइस, पुढच्या काळाचं म्हणणं रास्त आहे. पण 'उसळताना घे' या सूचनेत तिला सामन्यात दहापैकी तीन जमणार, आणि आधीच १४ पैकी १० हरलेल्या मुलीला पाय टाकायला एक तरी भक्कम पायरी हवी. मागे जाऊन खोल पाठवणं हे बचावाचं आहे हे कबूल. फक्त त्यात एक अट घाला: असा चेंडू पाठवल्यावर जागेवर उभं राहायचं नाही, बेसलाइनवर परत यायचं. समोरून आखूड आला की पुढे. म्हणजे मागे जाणं आणि पुढे येणं हे एकाच डावाचे दोन भाग होतात.

---

शांत_पंचवीस

डोक्याच्या तयारीबद्दल लिहितो. या वयात शिकवता येते, मात्र भाषण देऊन येत नाही. फोरहँडसारखीच, पुनरावृत्तीने येते.

दोन पॉइंटच्या मध्ये नियमाने जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९०, सेट संपल्यावर १२०. सेटच्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात पण बसता येत नाही, टायब्रेकमध्येही नाही. सामन्याचा मोठा भाग चेंडू खेळात नसतानाच जातो, आणि मुलं कोसळतात ती याच वेळात. अमेरिकन क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी या मधल्या वेळाची चार टप्प्यांत मांडणी केली. मुलांसाठी ती अशी उतरवता येते:

१. पॉइंट संपला की पाठ फिरवायची आणि रॅकेट दुसऱ्या हातात घ्यायची. उजव्या हाताने खेळणारी असेल तर डाव्यात. मान वर, चाल नेहमीचीच. ३ ते ४ सेकंद. हाताची मूठ सुटते, हा यातला खरा फायदा.

२. कुंपणाकडे चालत नजर रॅकेटच्या तारांवर. श्वास तीन आकड्यांत आत, पाच आकड्यांत बाहेर. दोनदा. प्रेक्षकांकडे, विशेषतः आई-बाबांकडे, बघायचं नाही.

३. रेघेकडे वळताना एकच निर्णय: सर्व्हिस कुठे आणि नंतरचा पहिला चेंडू कुठे. रिटर्न असेल तर उभं कुठे राहायचं आणि कुठे मारायचं.

४. ठरलेली सवय. सर्व्हिसला चेंडू तीनदा टप्पे, रिटर्नला दोनदा पाय उडवणं. संख्या कोणतीही चालेल, पण ०-० ला आणि ४०-३० ला तीच हवी.

हे घरी तोंडपाठ करून सामन्यात आठवत नाही. सरावात गुण मोजून खेळताना प्रत्येक पॉइंटनंतर करायचं आणि कोणीतरी बाहेरून टिकमार्क करायचा. दहापैकी आठ वेळा आपोआप होऊ लागलं की मग स्पर्धेत अपेक्षा ठेवा. साधारण सहा ते आठ आठवडे धरा.

३-१ वरून घसरण्याबद्दल. 'हात आखडणं' हा शब्द आपण सहज वापरतो, पण तो शब्दशः खरा आहे. ताणात मूठ घट्ट होते, त्यामुळे मनगटाची पुढची हालचाल अडते, रॅकेटचं टोक सावकाश येतं, फटक्याचा शेवट अर्धवट राहतो. चेंडू नेटमध्ये किंवा आखूड पडतो. मग मुलगी आणखी जपून मारते, म्हणजे आणखी सावकाश. बाहेरून 'हळू मार, आत टाक' असं ओरडणं म्हणजे आगीत तेल. सूचना उलटी हवी: लक्ष्य मोठं करा, हात मोकळा ठेवा. रेघेपासून दीड मीटर आत निशाणा, स्विंग मात्र पूर्ण, शेवट खांद्यावरून. मूठ किती घट्ट, हे एक ते दहा आकड्यांत तिला विचारत जा. चार बरी. आठ म्हणाली की समजायचं.

स्वतःशी बोलण्यातला एक छोटा फरकही बघा. 'डबल फॉल्ट नको' यात करायचं काय, ते नाही. 'वर घास' यात आहे. तिच्याकडून असे तीनच शब्दप्रयोग ठरवून घ्या: एक सर्व्हिससाठी, एक रिटर्नसाठी, एक पायांसाठी.

आणि हे गणित तिला कागदावर दाखवा. फेडररने कारकिर्दीत १,५२६ सिंगल्स सामने खेळले, जवळजवळ ८० टक्के जिंकले, आणि पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. २०१९ च्या विम्बल्डन फायनलमध्ये त्याने २१८ पॉइंट घेतले, जोकोविचने २०४, आणि जिंकला जोकोविच. शंभरातले ५५ पॉइंट जिंकणाऱ्या खेळाडूची सेट जिंकण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे ४५ पॉइंट हरणं हे जिंकण्यातच धरलेलं आहे. प्रत्येक गेलेल्या पॉइंटला खांदे पाडणाऱ्या मुलीला हा आकडा लवकर समजतो, मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा हिशेबी असतात.

रडण्याला शिक्षा नको. रॅकेट आपटण्याला हवी, पण आधी ठरवलेली आणि दर वेळी तीच: सरावात आपटली तर त्या दिवसाचा खेळ तिथेच बंद. ओरडा नाही, व्याख्यान नाही. एकदा सूट दिली की नियम गेला. स्पर्धेत यासाठी पंच पहिल्यांदा ताकीद देतात, दुसऱ्यांदा पॉइंट जातो, पुढे गेम.

---

खुर्चीपंच

लाइन कॉलपुरतं लिहितो. खुर्चीवर पंच नसलेल्या सामन्यात नियम असे:

आपल्या बाजूचा कॉल आपण द्यायचा, लगेच, ऐकू जाईल असा, हाताच्या खुणेसह. शंका असेल तर चेंडू आत धरायचा, गुण समोरच्याचा. चेंडू परत मारून तो कुठे जातो ते बघून मग 'आउट' म्हणणं चालत नाही. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पहिल्या सर्व्हिसआधी गुण मोठ्याने सांगायचे. अर्धी भांडणं हे न केल्यामुळे होतात.

समोरची मुलगी रडीचा डाव खेळते आहे असं वाटलं तर एकदाच, शांतपणे विचारायचं: 'नक्की आउट?' ती ठाम राहिली तर तो पॉइंट गेला, पुढे खेळायचं. असं पुन्हा झालं तर पुढचा पॉइंट सुरू करण्याआधी खेळ थांबवून रेफरी किंवा फिरत्या पंचाला बोलवायचं. पंच कोर्टजवळ उभे राहिले की कॉल बहुधा आपोआप सुधारतात. हात वर करून 'मला रेफरी हवेत' हे वाक्य म्हणण्याचा सराव घरी करून घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण अकरा वर्षांच्या मुलीचं घोडं तिथेच अडतं. उट्टं काढायला आपणही चुकीचा कॉल देणं हा मार्ग तिच्यासाठी बंद, हे आधीच सांगून ठेवा.

गुणसंख्येवर वाद झाला तर ज्या पॉइंटवर दोघींचं एकमत आहे ते धरले जातात, वादातलेच पुन्हा खेळतात.

कुंपणाबाहेरून कॉल द्यायचा नाही, खूण करायची नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत २०२५ पासून कोर्टाबाहेरून कोचिंगला वाट मोकळी झाली आहे, पण स्पर्धा घेणाऱ्यांनी मुभा दिली असेल तरच. प्रवेशपत्रिकेत बघा.

---

जाळीपल्याड

सगळ्यांचे आभार. घड्याळ लावलं. काल १२० मिनिटांत गुण मोजून खेळ झाला १२ मिनिटं. यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

डबल फॉल्टवर कोणी लिहिलं नाही. दुसरी सर्व्हिस ती अगदी अलगद ढकलते, तरी नेटमध्ये जाते. आणि सामना हरल्यावर परतीच्या वाटेवर काय बोलायचं? गप्प राहिलं तर ती विचारते, 'चिडलीस का?'

---

स्लाइस

अलगद ढकलते *म्हणूनच* नेटमध्ये जाते. साधी भूमिती आहे. बेसलाइनपासून नेट ११.८८५ मीटर, नेटपासून सर्व्हिस लाइन ६.४० मीटर. नेटच्या मध्यावरून (९१.४ सेंमी) चेंडू सरळ रेषेत खाली मारून सर्व्हिस लाइनच्या आत टाकायचा तर चेंडूशी गाठ किमान २.६ मीटर उंचीवर पडायला हवी. १४२ सेंमीच्या मुलीची रॅकेटसकट गाठ पडते सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे तिच्यासाठी 'खाली मारणं' हा पर्यायच नाही. चेंडू वर मारावा लागतो आणि तो खाली आणायचं काम फिरकीने करायचं. फिरकी येते रॅकेटच्या वेगातून. ढकलली की वेग नाही, वेग नाही की फिरकी नाही.

आधी ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड, तपासा. हातोडा धरतात तशी असली पाहिजे, म्हणजे कॉन्टिनेन्टल. हातपंख्याने वारा घालताना धरतात तशी चपटी असेल, तर बाकी सगळं व्यर्थ. हा बदल करताना तीन-चार आठवडे सर्व्हिस आणखी बिघडते, ते गृहीत धरा आणि त्या काळात स्पर्धा घेऊ नका.

मग टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवणं. रॅकेट न फिरवता दहा टॉस टाकून चेंडू जमिनीवर पडू द्या. दहा चेंडू रॅकेटच्या लांबीएवढ्या वर्तुळात पडायला हवेत. दुसऱ्या सर्व्हिसचा टॉस पहिलीपेक्षा थोडा डोक्याच्या जवळ, उजव्या हाताने खेळणाऱ्यांना किंचित डावीकडे. पुढे लांब गेलेला टॉस म्हणजे नेट ठरलेलंच.

मग टप्प्याटप्प्याने मागे. सर्व्हिस लाइनवर उभं राहून समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये, चेंडूला डावीकडून उजवीकडे आणि वर घासत. दहापैकी सात आले की बेसलाइन आणि सर्व्हिस लाइनच्या मध्यावर. तिथे सात आले की बेसलाइनवर. प्रत्येक वेळी चुका लिहा: नेट किती, लांब किती. दुसरी सर्व्हिस चुकली तर लांब जाऊन चुकावी. चुकांतल्या निम्म्याहून जास्त नेटमध्ये असतील तर ती अजून ढकलते आहे.

शेवटी ताण. आठवड्यातून दोनदा असा टायब्रेक, ज्यात तिला एकच सर्व्हिस. पहिले काही दिवस हाल होतील. डबल फॉल्ट मोजतानाही दोन रकाने करा, ३०-३० च्या आधीचे आणि नंतरचे. आधीचेही तेवढेच असतील तर दोष तंत्राचा. नंतरचेच जास्त असतील तर वर पंचवीस सेकंदांबद्दल लिहिलंय ते वाचा.

अवांतर: अंडरआर्म सर्व्हिस पूर्णपणे नियमात बसते. हाताला काही झालं असेल तेव्हा लाज न बाळगता वापरावी. सुटका म्हणून सवय लावू नका, एवढंच.

---

सांधेदुखी

फिजिओच्या नजरेतून दोन गोष्टी, कारण वरच्या सगळ्या कवायती एकाच आठवड्यात सुरू होतील अशी भीती वाटते.

आठवड्याचे एकूण संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, हा क्रीडावैद्यकात रूढ असलेला ठोकताळा. ती आता दहावर आहे, वर फिटनेसचे तास धरले तर बारापर्यंत जाते. म्हणजे नवीन काही घालायचं तर जुनं काही काढावं लागेल. बास्केट कमी करा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.

मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी सर्वात वेगाने वाढते, मुलांची १३-१४ व्या. दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करा. तीन महिन्यांत दोन सेंमी किंवा जास्त वाढ दिसली की सर्व्हिस आणि उड्या कमी. या काळात हाडं पुढे जातात, स्नायू मागे राहतात. टाचेच्या मागे दुखणं, गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा, ही त्याची नेहमीची रूपं. समन्वयही थोडा बिघडतो, कालपर्यंत येणारा फटका आज येत नाही. त्याला 'लक्ष नाही' म्हणू नका. कंबर मागे वाकवताना दुखत असेल आणि दोन आठवड्यांत गेलं नाही तर डॉक्टरकडे जा. वारंवार मागे वाकून केलेल्या सर्व्हिसने मणक्याच्या मागच्या भागाला ताणाची चीर पडू शकते, आणि ती सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतेच असं नाही. म्हणून या वयात पाठीची कमान करून मारायची किक सर्व्हिस नको. स्लाइस यांनी सांगितलेली बाजूने-वर घासायची बरी. तीही एका दमात दीडशे नाही. चाळीस-पन्नासच्या दोन खेपा, वेगळ्या दिवशी.

रॅकेट २६ इंची असेल तर अजून वर्षभर राहू द्या. तारा पूर्ण पॉलिएस्टरच्या असतील तर काढा. त्या कडक असतात, आणि या वयात तारा तुटतही नाहीत की टिकाऊपणासाठी त्या घ्याव्यात. मल्टिफिलामेंट किंवा सिंथेटिक गट, ४५ ते ५० पाउंड ताण.

---

शांत_पंचवीस

परतीच्या वाटेबद्दल. 'चिडलीस का?' हा प्रश्न ती विचारते, कारण तुमचा चेहरा सामना चालू असतानाच तिने वाचलेला असतो. पॉइंट गेला की कपाळाला हात, मान वळवणं, फोन काढणं, हे सगळं कोर्टवरून दिसतं. आई-बाबांनी बसायची जागा बेसलाइनच्या मागे नको, बाजूला आणि लांब. चेहरा दोन्ही निकालांत एकसारखा. बाकी कुंपणाला नाक लावून उंटावरून शेळ्या हाकणारे सगळीकडे असतातच, त्यांच्यात आणखी एकीची भर नको.

सामन्यानंतर पहिला तासभर टेनिस नाही. पाणी, खाणं, कपडे बदलणं. तिने स्वतः विषय काढला तर ऐका, दुरुस्त करू नका. विचारलंच 'चिडलीस का?' तर 'नाही. तू दमली असशील' एवढं पुरे, आणि ते खरं असायला हवं. दुसऱ्या दिवशी कोचसोबत पंधरा मिनिटं, कागद समोर ठेवून. 'जिंकलीस का?' याऐवजी सामन्याआधी ठरवलेल्या दोन मोजता येणाऱ्या गोष्टी विचारा. उदाहरणार्थ, पहिली सर्व्हिस ६० टक्के आत आली का, आणि उंच चेंडूंवर पाय वेळेत मागे गेले का. दोनच. पाच दिल्या तर एकही राहत नाही.

---

मागची_रेघ

स्पर्धा बंद ठेवण्याबद्दल राहिलं होतं. ग्रिप बदलत असाल तर ते तीन-चार आठवडे थांबा, त्यापलीकडे पूर्ण बंद नको. बदला ती स्पर्धांची निवड. कोचमंडळींत चालणारा ठोकताळा असा, की दोन विजयांमागे एक हार असं प्रमाण या वयात बरं. १४ पैकी ४ म्हणजे ती तिच्या पातळीच्या वर खेळते आहे. ३२ च्या बाद पद्धतीच्या ड्रॉमध्ये १६ जणी एकच सामना खेळून घरी जातात. दिवसभर थांबून चाळीस मिनिटांचा खेळ. त्यापेक्षा गटवार साखळी किंवा हरलेल्यांसाठी वेगळा ड्रॉ असलेल्या स्पर्धा शोधा, तिथे तीन-चार सामने नक्की मिळतात. वयोगटही वरचा नको. 'चौदाखाली खेळली म्हणजे लवकर तयार होईल' या घाईने फक्त हारांची संख्या वाढते. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदा पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली, पुढे खेळापासून दूर गेली, आणि त्यानंतर महिला टेनिसमध्ये वयानुसार स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा आल्या. दहा वर्षांखालच्या स्पर्धांतून २०१२ पासून नेहमीचा पिवळा चेंडू काढला गेला, तोही याच समजुतीतून की मूल लहान आहे तर खेळ त्याच्या मापाचा करावा.

---

जाळीपल्याड

कोच राजी झाले आहेत, ४५ मिनिटं गुण मोजून. एक शेवटचं: सामन्याचा तक्ता मी लिहायचा म्हटलं तर किती बारीक लिहू? मागच्या वेळी सगळं लिहायला गेले आणि खेळच बघितला नाही.

---

मागची_रेघ

प्रत्येक पॉइंटला तीनच खुणा. पॉइंट कोणाचा. संपला कसा: वि (विजयी फटका), चु (स्वतःची चूक), भा (समोरच्याने भाग पाडलेली चूक). आणि चेंडू गेला कुठे: ने, लां, बा, म्हणजे नेट, लांब, बाजूला. डबल फॉल्टला गोल. फोरहँड-बॅकहँड सोडून द्या. तीन सामन्यांचे कागद झाले की 'चु-ने' किती ते मोजा. उंच चेंडू उडवणाऱ्या मुलींविरुद्ध तोच रकाना सगळ्यात लांब निघेल असा माझा अंदाज आहे. आणि कागद तिला नाही, आधी कोचना दाखवा.